जुनी जीप, नवे इंजिन : लेखांक अकरावा – चावीची कैफियत

गिअरच्या गुणोत्तरांचे गणित या खेपेस मांडीन, असे मी गेल्या शनिवारी लिहिले होते खरे. परंतु मध्यंतरी बेळगावच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील तीन ओळींच्या शंकेने माझे सारे वेळापत्रक उधळून लावले. त्यांच्या सीजे-३बी जीपमध्ये पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसविल्यापासून मागल्या डाव्या चाकाची चावी तीनदा कातरली गेली. तेव्हा चौथी चावी ईएन-२४ पोलादाची करून, वर पाणी देऊन कडक करून घ्यावी काय, अशी त्यांची पृच्छा आहे. एका शब्दात उत्तर द्यावयाचे तर, नको. मात्र त्या एका शब्दाची फोड करावयास आजचा सबंध लेखांक खर्ची पडणार, याची वाचकांनी तयारी ठेवावी.

या जीपच्या मागल्या अ‍ॅक्सलच्या हाफ-शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते. त्यावर तसाच निमुळता बोगदा असलेला हब चढतो, मध्ये की-वेच्या खाचेत बोटाएवढी चावी बसते, आणि बाहेरून खाचांचा मोठा नट आवळून त्यात स्प्लिट पिन घालतात. चाक फिरविण्याचे काम ती चावी करते, असा आपल्याकडील पुष्कळ मेस्त्र्यांचा समज आहे, आणि चावी ज्या ऐटीत मध्यभागी बसलेली असते ती पाहता तो स्वाभाविकही आहे. वस्तुतः भार वाहतो तो टेपर. कुदळीच्या निमुळत्या दांड्यावर कुदळ जशी नुसत्या दाबाने घट्ट बसते, त्याप्रमाणे नटाने आत रेटलेला हब शाफ्टला आपल्या सर्वांगाने घर्षणाने धरून ठेवतो. चावी ही केवळ जामीन. मूळ ऋणको फरार झाल्याखेरीज जामिनाच्या दारी कोणी जात नाही. ज्या अर्थी चावी तीनदा कातरली, त्या अर्थी आपला टेपर केव्हाच फरार झालेला आहे.

आता जामीन अधिक धनाढ्य आणला तर काय होईल? कडक चावी कातरणार नाही. ती हबच्या आणि शाफ्टच्या की-वेच्या कडा चेपीत, कोरीत सुटेल, आणि की-वे जेथे संपतो त्या तीक्ष्ण कोपऱ्यात, जेथे सारा ताण आधीच एकवटलेला असतो, तेथे केसाएवढी भेग पडून ती दिवसेंदिवस आत सरकत राहील. मग एके दिवशी शाफ्टचे टोक, नट, हब व चाक ही चौकडी जीपला सोडून एकत्र प्रस्थान ठेवील. कारण हा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग जातीचा, म्हणजे चाकाला फिरविणारा आणि चाकाचे ओझे पेलणारा शाफ्ट एकच. गमतीची गोष्ट अशी की, १९४१ ते १९४५ या युद्धकाळात धावलेल्या विलीज एमबीचा मागला अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग होता. त्यात ओझे हबच्या बेअरिंगांवर असे, शाफ्ट मोडला तर तो ओढून काढावा आणि पुढल्या चाकांच्या जोरावर छावणी गाठावी. युद्ध संपले, नागरी सीजे आली, आणि लवकरच काटकसरीच्या हिशेबात ही सोय गेली. माझ्या मते त्या गाडीच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी पीछेहाट होय. पण माझे मत कोणी विचारले नव्हते.

मी हे पंडिताच्या थाटात सांगत असलो तरी ही विद्या मला रामनगरच्या काळ्या खडकांनी शिकविली आहे. बेंगळूरहून तासाभराच्या अंतरावरील त्या ग्रॅनिटच्या चढावर, नव्या इंजिनाच्या गर्वात मी क्लच जरा उतावीळपणे सोडला. आतून खट्ट असा कोरडा आवाज झाला, इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि जीप जागच्या जागी. उतरून पाहावे म्हणून मी हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक सोडला, तर जीप सावकाश मागे निघाली. या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागील प्रोपेलर शाफ्टवर असतो. चावी कातरली की ते एक चाक मोकळे होते, डिफरन्शियल सारी धरपकड त्या मोकळ्या बाजूला वाहून जाऊ देतो, आणि हँडब्रेक कितीही इमानदार असला तरी निरुपयोगी ठरतो. पायाचा ब्रेक मात्र लागतो, कारण ड्रम हबवरच असतो. मी तो पुन्हा दाबून धरला, सोबत्याने चाकामागे धोंडा लावला, आणि पुढली चाके जोडून आम्ही सायंकाळी गोगलगायीच्या गतीने परतलो. अपराध सर्वस्वी माझा. नट मी हाताच्या अंदाजाने आवळला होता.

तेव्हा बेळगावकरांनी असे करावे. हब पुलरनेच काढावा, शाफ्टच्या टोकावर हातोडा मुळीच चालवू नये. आणि पुलर लावताना नट पूर्ण न काढता उलटा करून चार आट्यांवर राखावा, नाहीतर हब सुटतो तो तोफगोळ्यासारखा. टेपरला निळा रंग पुसटसा लावून हब फिरवून पाहावा. रंग सर्वत्र उमटला तर ठीक. पट्ट्यापट्ट्यांनी उमटला तर व्हॉल्व घासण्याच्या बारीक पेस्टने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासावेत. आणि टेपरवर ओरखड्यांची नांगरट झालेली असेल तर हब व शाफ्ट दोन्ही बाद समजावेत. बसविताना टेपर कोरडा व स्वच्छ, चावी साध्या पोलादाची, नट टॉर्क-पान्याने किमान २०० न्यूटन-मीटर. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढेच न्यावा, मागे कदापि नव्हे. मग पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळावा. खुंटा हलवून बळकट करावा अशी म्हण आहे. येथे खुंटा हलण्यापूर्वीच तो बळकट करावयाचा आहे, एवढाच फरक.

एवढ्याने भागेल काय? माझ्या जीपचाच हिशेब देतो. मूळ हरिकेन इंजिनाचा जोर सुमारे १५५ न्यूटन-मीटर; पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६, क्राउन-पिनियन ५.३८, म्हणजे चाकांकडे साधारण ५,७०० निघत. आता डिझेल १८० चे आणि नव्या गिअरबॉक्सचा पहिला साडेतीनचा. हाच गुणाकार ८,३०० वर जातो. इंजिनाने जेमतेम एक षष्ठांश वाढविले, बाकीची वाढ गिअरबॉक्सची. साधा डिफरन्शियल असेतोवर हा जोर दोन शाफ्टांत समान विभागला जातो, शिवाय एक चाक घसरले की दुसऱ्यावरचा भारही तितकाच उतरतो. चिखल हा शाफ्टचा मित्र आहे. पण लॉकर बसविलात की जवळजवळ सारा भार एकट्या पकड असलेल्या चाकाच्या शाफ्टवर येऊ शकतो. म्हणून लॉकर घालणाऱ्याने आधी टेपर-हब काढून फ्लँजसह अखंड घडविलेले शाफ्ट घालावेत. बेंगळूरच्या पीण्या या औद्योगिक भागातील कारखान्यांत ईएन-२४ चे शाफ्ट करून मिळतात, आणि ते पोलाद तेथेच शोभते, चावीत नव्हे.

बळकटी कोठवर नेत राहावी, हा मात्र रुचीचा प्रश्न आहे. शाफ्ट अभंग झाला की क्राउन-पिनियन फुटणार, ते वाढविले की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. मी क्रॉस मुद्दाम दुबळा ठेवला आहे: तो बेंगळूरच्या जे. सी. रोडवर कोठेही मिळतो, दोन पान्यांनी रस्त्याच्या कडेला बदलता येतो, आणि माझ्या हत्यारपेटीत त्याची जोडी नेहमी असते. काही तरी मोडणारच असेल तर ते माझ्या मर्जीने मोडावे.

बेळगावकरांनी त्याच पत्रात जाता जाता विचारले आहे की, इंजिन बदलल्याची नोंद केली नाही तर चालेल काय. चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली ती मंजुरीची बाब आहे. अर्ज, दाखले, तपासणी हे सारे सोपस्कार करून नवा इंजिन-क्रमांक परिवहन कार्यालयाच्या दप्तरी चढविल्याखेरीज विम्याच्या दाव्याच्या वेळी कैफियत द्यावयास तोंड उरत नाही. माझ्या अर्जाला सात खेपा लागल्या, पण ती कथा वेगळी.

गुणोत्तरांचे गणित आता पुढील शनिवारी, आणि या वेळी वचन पक्के. तोवर ज्यांना आपल्या गाडीचे उत्तर माझ्याबरोबर काढावयाचे असेल त्यांनी मागल्या टायरवर खडूची खूण करून, हवा नेहमीइतकी भरून, सपाट जमिनीवर जीप ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा मोजून ठेवावा. टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.