पोटरी फडफडते तेव्हा

रात्रीचे दोन वाजलेले. दिवा लावून पलंगाच्या कडेला बसायचं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि पोटरीकडे एकटक बघत राहायचं. कातडीखाली काहीतरी टुणकन हलतं, थांबतं, मग जरा बाजूला पुन्हा हलतं. मोबाइलवर शोधलं की दोन-चार ओळींतच ‘एएलएस’ हे नाव समोर येतं. मग चवड्यांवर उभं राहून बघायचं, मुठी आवळून बघायच्या, आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का ते बघायचं. अशा रात्री मी काढल्या आहेत. म्हणून ही भीती कुणी हसण्यावारी नेली की मला राग येतो. पण ती ज्या समजांवर पोसली जाते, त्यांतले बरेचसे साफ चुकीचे आहेत.

सगळ्यांत छळणारा समज म्हणजे स्नायू फडफडला की एएलएसची सुरुवात झाली. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचं वर्णन केलं. या आजारात स्नायू फडफडतात हे खरं, पण फडफडणारा प्रत्येक स्नायू आजारी नसतो. धडधाकट माणसांपैकी बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. जागरण, जास्तीचा चहा, चढण चढून दमलेले पाय, मनावरचा ताण, एवढं त्याला पुरतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा १२१ जणांवर लक्ष ठेवलं, कुणावर दोन वर्षं तर कुणावर बत्तीस वर्षं. फडफडीखेरीज त्यांच्यात काळजीचं काही आढळलं नव्हतं. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आला, तोवर त्यांच्यापैकी एकालाही हा आजार झालेला नव्हता. पापणी लवते म्हणून घाबरणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. त्यामागे बहुतेक वेळा अपुरी झोप आणि थकलेले डोळे असतात.

दुसरी गल्लत ‘अशक्त वाटणं’ आणि ‘ताकद जाणं’ यांत होते. घाबरलेल्या माणसाला हात जड वाटतो, पाय लटपटतात, पण तो जिना चढतो, पिशवी उचलतो, शर्टाची बटणं लावतो. एएलएसमध्ये काम अडतं. किल्ली कुलपात जाते, पण बोटांना ती फिरवता येत नाही. पाऊल उचललं जात नाही, म्हणून चवडा पायरीला अडतो. बोलणं जड होतं आणि ते आधी घरच्यांच्या लक्षात येतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग ओसरतो. हे बहुधा दुखत नाही आणि एका जागी सुरू होऊन पसरत जातं. आज उजवा हात, उद्या डावी मांडी, परवा सगळं ठीक, असं ते येत-जात नाही.

मुंग्या येणं, बधिरपणा, तळपायांची आग ही लक्षणं वेगळ्या वाटेची आहेत, कारण एएलएसमध्ये संवेदना बहुतांशी शाबूत राहतात. आपल्याकडे आधी बी-१२, साखर आणि थायरॉइड तपासावं. पुण्याच्या परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांचं बी-१२ कमी निघालं होतं. ही कमतरता गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. मात्र ती वर्षानुवर्षं तशीच राहू दिली तर नसांचं नुकसान होतं.

‘स्टीफन हॉकिंगना एकविसाव्या वर्षी झाला, मग मलाही होऊ शकतो,’ हे वाक्य तरुण मुलांकडून फार ऐकू येतं. हॉकिंग यांचं निदान १९६३ मध्ये झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले. या आजारात त्यांचं वय आणि त्यांचं दीर्घायुष्य, दोन्ही अपवादात्मक. दर वर्षी लाखामागे साधारण दोघांना हा आजार होतो आणि त्यांतले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतात. विशीतल्या मुलाचा एक हात बारीक होत असेल तर डॉक्टरांच्या मनात हिरायामा आजारही येतो. तो भारतात दिसतो, त्यात मान पुढे झुकली की मज्जारज्जू दाबला जातो आणि काही वर्षांनी तो बहुधा आपोआप थांबतो. म्हणजे खरोखर हात बारीक झाला तरीही निदान एकच नसतं. मानेतली दबलेली नसही अशी सोंगं घेते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

‘आणखी एकदा तपासलं की मन शांत होईल’ हाही गैरसमजच. दिवसातून पन्नास वेळा चवड्यांवर उभं राहिलं तर पोटरी दमते आणि जास्तच फडफडते. न्यूरोलॉजिस्टनी हातोडीने प्रतिक्षेप पाहिले, ताकद जोखली, गरज वाटली म्हणून स्नायूत बारीक सुई घालून ईएमजी केली आणि सगळं नीट निघालं, तर तीच तपासणी दर महिन्याला दुसरीकडे करून हाती नवं काही लागत नाही. तेव्हा चिंतेवर उपचार घ्यावेत. तेही खरे उपचार आहेत आणि त्यांनी झोप परत येते.

डॉक्टरांकडे जायचं असेल तर फडफडीची मोजदाद नेऊ नका. पूर्वी जमणारं आणि आता न जमणारं एखादं काम आहे का, ते कधीपासून अडलं, एका बाजूला की दोन्ही, बोलताना किंवा गिळताना काही बदल झाला का, एवढं एका कागदावर लिहून न्या. कागद भरला तर वेळ न दवडता दाखवा. कोरा राहिला तर तो कोरा कागदच डॉक्टरांपुढे ठेवा.