सेफ्टी वायरची पक्कड : निवड आणि वापर

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी बरेच जण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे वळतात. लोहगडवाडी, भाजे, मळवली या परिसरातील तरुणांना तळेगाव-चाकणचे कारखाने जवळचे. लोणावळ्यास आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था १५ फेब्रुवारी १९४५ पासून जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण देत आहे, आणि नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमाने बांधली जातात. अशा क्षेत्रांकडे वळलेले माजी विद्यार्थी सुट्टीत शाळेत येतात, तेव्हा पहिल्या पगारातून कोणते हत्यार घ्यावे ही चर्चा हमखास निघते. त्यांपैकी काहींनी आपली हत्यारे आणून दाखविली. त्यांच्यासोबत बसून केलेले हे टिपण आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी पकडीवर का लिहावे, असे कोणी विचारील. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आजही वाचता येतो. राजे आणि व्यापारी यांच्यासोबत त्या भिंतीवर कारागिराचेही नाव आहे, एवढे उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

प्रथम या तारेचे काम समजून घेऊ. यंत्र सतत हादरत असेल, तर कितीही आवळलेला बोल्ट हळूहळू सैल होऊ शकतो. म्हणून विमानाच्या इंजिनात आणि शर्यतीच्या मोटरसायकलीत काही बोल्टांच्या डोक्याला आरपार छिद्र पाडलेले असते. त्यातून स्टेनलेस स्टीलची तार ओवून तिला पीळ देतात आणि ती शेजारच्या बोल्टाशी बांधतात. तार अशा बाजूने ओढलेली हवी की बोल्ट सुटू पाहील तर ती त्याला आवळण्याच्याच दिशेने खेचील. एक बोल्ट सैल होऊ लागला, तर दुसरा त्याला धरून ठेवतो. मात्र बोल्ट घट्ट करणे हे तारेचे काम नव्हे. आधी टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाइतका आवळावा, मगच तार बांधावी. छिद्र जुळत नाही म्हणून बोल्ट किंचित सैल करणारा कारागीर तारेचा हेतूच मोडून टाकतो.

या लहानशा कामाचे मोल किती, हे एका घटनेवरून कळेल. १६ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एक डीसी-८ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील तिघेही कर्मचारी मरण पावले. शेपटीकडील नियंत्रण-पट्टीला जोडणारा एक बोल्ट नीट अडकवलेला नव्हता आणि त्याची तपासणीही नीट झाली नव्हती, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्या जागी तारेऐवजी पिन वापरण्याची पद्धत होती. पण तारेचे आणि पिनेचे काम एकच.

आता पकडीकडे वळू. साध्या पकडीने तारेला पीळ देता येतो आणि जुने मिस्त्री तो सफाईने देतही. परंतु पीळ कुठे दाट, कुठे विरळ पडतो, आणि पकडीच्या दात्यांनी तारेवर खाच पडली की हादऱ्यांनी तार नेमकी तिथेच तुटते. पीळ देणाऱ्या खास पकडीत दोन मुठींच्या मध्ये मळसूत्री दांडा असतो. तारेची टोके जबड्यात धरून खटका लावायचा आणि मागील गोल मूठ ओढायची; सारी पक्कड स्वतःभोवती फिरते आणि पीळ सारखा पडतो.

आकार निवडताना तार आणि जागा या दोनच गोष्टी पाहाव्यात. ६ इंची पक्कड अडचणीच्या जागी उपयोगी आणि बारीक तारेसाठी पुरेशी. ९ इंची पक्कड सर्वसाधारण कामाला सोयीची, ०.८ मिलीमीटरची तार, जी सर्वाधिक वापरात असते, आणि तिच्याहून जाड तार तिने आरामात पिळता येते. एकच घ्यायची असेल तर आम्ही ९ इंची सुचवू. ०.८ मिलीमीटरच्या तारेला इंचाला ६ ते ८ पीळ पडले की काम योग्य समजतात. त्याहून कमी पीळ म्हणजे सैलपणा. फार जास्त पीळ दिल्याने तार ठिसूळ होते.

दोन्ही दिशांना फिरणारी पक्कड महाग असते. ती घ्यावी का? एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत एका दिशेने पीळ दिला, तर त्यापुढच्या टप्प्यात तो उलट दिशेने द्यावा लागतो, म्हणजे तारेचा वेढा बोल्टाच्या डोक्यावरून वर सरकत नाही. ज्याला रोज हेच काम आहे त्याने दोन दिशांचीच घ्यावी. अधूनमधून करणाऱ्याला एका दिशेची चालते. उलटा पीळ हाताने देता येतो.

दुकानात केवळ चकाकी पाहू नये. सोबत हातभर स्टेनलेस तार न्यावी. पक्कड मिटून उजेडापुढे धरावी. जबड्यांच्या टोकाशी फट दिसली तर परत ठेवावी. मागची मूठ आठ-दहा वेळा ओढून पाहावी. अडखळत असेल किंवा दांडा डुगडुगत असेल तर नको. खटका लावल्यावर तार ओढून बघावी, ती सरकता कामा नये. कटरची परीक्षा स्टेनलेस तारेवरच घ्यावी. बांधकामावरची बाइंडिंग वायर मऊ असते. ती कोणताही कटर कापतो, पण स्टेनलेस तारेवर कच्च्या पोलादाच्या कटरची धार लगेच बोथटते. तीच बाइंडिंग वायर इंजिनात वापरणे तर सर्वस्वी अयोग्य. याउलट आणीबाणीत हाताने तोडता यावी अशा जागी, उदाहरणार्थ संकटकाळच्या खटक्याच्या झाकणावर, मुद्दाम बारीक तांब्याची तार लावतात. तिथे स्टेनलेस तार लावली तर ऐन वेळी झाकण उघडणार नाही.

वापरताना कायम राहणारा तारेचा भाग जबड्यात धरू नये. फक्त टोके धरावीत. कापताना उडणारा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून चष्मा घालावा आणि तुकडा हाताने झाकून धरावा. इंजिनात पडलेला तुकडा शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नये. उरलेले शेपूट पाव ते अर्धा इंच ठेवून आत वळवावे, नाहीतर पुढच्या कामगाराचा हात फाटतो. एकदा काढलेली तार पुन्हा वापरू नये.

मावळच्या पावसात हत्यारे लवकर गंजतात. मळसूत्री दांड्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. जबड्यांना मात्र तेल लागू देऊ नये, तार घसरते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांचे काम दुचाकीच्या किंवा ट्रॅक्टरच्या साध्या गॅरेजात आहे, त्यांना या पकडीची गरज सहसा पडत नाही. तिथे स्प्रिंग वॉशर, नायलॉन कड्याचे नट आणि स्प्लिट पिन पुरतात. त्यांनी तोच पैसा चांगल्या टॉर्क रेंचवर खर्च करावा. छिद्राचे बोल्ट ज्यांच्या हाताखालून रोज जातात, त्यांनी मात्र पक्कड उसनी न मागता स्वतःची घ्यावी आणि तिच्यावर आपले नाव कोरून ठेवावे.