नागलीतील लोह : जटिल संयुगांच्या दृष्टीने

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत भाताखालोखाल डोंगरउतारावर घेतली जाणारी पिके म्हणजे नागली आणि वरई. नागलीची भाकरी व आंबील हा तेथील वारली, कोकणा, महादेव कोळी इत्यादी समाजांचा जुना आहार होय. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम व 4 ते 5 मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या तांदळातील लोहाहून हे प्रमाण बरेच अधिक आहे. तथापि, 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंपासून हा प्रदेश कुपोषणासाठीच ओळखला जाऊ लागला, आणि स्त्रिया व बालके यांच्यातील रक्तक्षय हे त्या कुपोषणाचे एक अंग आहे. अपुरे अन्न, हिवताप, जंत व रोजगारासाठी करावे लागणारे स्थलांतर ही त्याची कारणे उघड आहेत. त्यांच्या जोडीस एक रासायनिक कारणही आहे.

धातूचा अणू आपल्याभोवती ठरावीक संख्येने अणू अथवा रेणू बांधून ठेवतो, हा सिद्धांत अल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 साली मांडला व त्याबद्दल त्यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. धातूस बांधणाऱ्या या घटकांना लिगंड म्हणतात. धातू तोच असला, तरी लिगंड बदलताच संयुगाचा रंग, विद्राव्यता व स्थैर्य बदलते. एकच लिगंड दोन किंवा अधिक ठिकाणी धातूस पकडीत असेल, तर खेकड्याच्या नांग्यांत सापडल्याप्रमाणे धातू अधिक घट्ट बसतो. अशा संयुगास चिलेट ही संज्ञा आहे.

नागलीत असे दोन लिगंड प्रामुख्याने आढळतात. पहिला फायटिक आम्ल. इनॉसिटॉलच्या वलयावर सहा फॉस्फेट गट असलेला हा रेणू बारा प्रोटॉन सोडू शकतो. जठरातील तीव्र आम्लतेत बरेचसे लोह विद्राव्य राहते. परंतु लहान आतड्याच्या आरंभी आम्लता कमी होताच फॉस्फेट गट ऋणभारित होऊन फेरिक आयनास जखडतात. नागलीतील विपुल कॅल्शियमही त्यात सामील होते व अविद्राव्य साका तयार होतो. दुसरा लिगंड तांबूस सालीतील टॅनिन. त्यातील शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट फेरिक आयनाशी काळसर-निळी संयुगे बनवितात. हिरड्याच्या काढ्यात लोहाचा क्षार घालून केलेली शाई याच विक्रियेने काळी होते. भाकरीनंतर घेतलेला कोरा चहा या टॅनिनांत भरच घालतो.

यावर उपाय दोन प्रकारचे संभवतात. पहिला, बाधक लिगंड मोडणे. नागली भिजवून मोड आणल्यास फायटेज हे विकर फॉस्फेट गट एकेक करून तोडते. उरलेल्या एकदोन गटांची लोहावरील पकड क्षीण असते. आंबील आंबवताना उत्पन्न होणारी सौम्य आम्लता याच विकरास पोषक ठरते. दुसरा उपाय, प्रतिस्पर्धी लिगंड पुरविणे. लिंबातील ॲस्कॉर्बिक आम्ल फेरिक आयनाचे फेरसमध्ये क्षपण करते व त्यास विद्राव्य ठेवते. मात्र लिंबू शिजल्यावर व जेवणासमयीच पिळले पाहिजे, कारण उष्णतेने हे आम्ल नाश पावते. पिठाच्या पोषणवर्धनासाठी वापरले जाणारे सोडियम-लोह-ईडीटीए हेही चिलेटच होय. ते फायटेटच्या सान्निध्यातही लोह विद्राव्य राखते. मासळी व मांस यांतील बरेचसे लोह तर पॉर्फिरिन वलयाच्या चार नायट्रोजन अणूंनी वेढलेले असते व त्या वलयासह शोषले जाते. म्हणूनच फायटेटचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

तात्पर्य, धान्यातील लोहाचा एकूण आकडा पोषणमूल्य ठरविण्यास पुरेसा नाही. ते लोह कोणत्या लिगंडाच्या ताब्यात आहे, हे पाहावयास हवे. नागलीच्या स्थानिक वाणांचे कृत्रिम पचन घडवून, मोड आणण्यापूर्वी व नंतर पातळ पटलातून पार होणारे लोह मोजणे हा विद्यार्थ्यांना साध्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगा अभ्यास आहे. अपुऱ्या अन्नाची उणीव रसायनशास्त्र भरून काढू शकणार नाही. परंतु ताटात आलेले लोह रक्तापर्यंत पोहोचविण्याचा मार्ग ते निश्चितपणे दाखवू शकते.