जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

ताईचा जुना लॅपटॉप तुमच्याकडे आलाय आणि त्यात विंडोज १० आहे? त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालेल, पण सुरक्षेचे अपडेट्स बंद. विंडोज ११ टाकायला जावं तर टीपीएम २.० नाही म्हणून नकारघंटा.

अशा वेळी लिनक्स मिंट बघाच. पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता ते चालवून बघता येतं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतोय का, तिथेच कळतं. अपडेट कधी टाकायचं ते तुम्ही ठरवायचं. ऐन प्रेझेंटेशनमध्ये रीस्टार्टची कटकट नाही. भरवशाचं म्हणाल तर जगातले टॉप ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. (तुमच्या वाय-फाय कार्डाची हमी त्यातून मिळत नाही, हे वेगळं!)

मात्र सिव्हिलवाल्यांनो, ऑटोकॅड यावर थेट चालत नाही. कॉमर्सवाल्यांच्या टॅलीचीही तीच गत. तुम्ही ड्युअल बूट करा. विंडोज तेवढ्या कामापुरतं, शक्यतो नेट बंद ठेवून.

आणि पार्टिशन करण्याआधी प्रोजेक्टची फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री तर हा उद्योग नकोच.