खुर्चीवरची नमाज, घोट्याची हिफाजत

रमजानमध्ये इशाच्या नमाजनंतर दिग्रसच्या मशिदींत तरावीहसाठी सफा भरतात. सत्तरीतले बुजुर्ग जमिनीवर बसतात, मग घोट्याचे ऑपरेशन झालेल्या तरुणाला खुर्चीवर बसायला संकोच वाटतो. हा संकोचच त्याचा घोटा बिघडवू शकतो.

मुरगळलेला घोटा बहुधा ऑपरेशनशिवाय बरा होतो. तो वारंवार दगा देऊ लागला, तर बाहेरच्या बाजूचे सैल झालेले लिगामेंट शिवून घट्ट करतात. स्वीडनचे डॉक्टर ब्रोस्ट्रोम यांनी 1966 मध्ये मांडलेली ही पद्धत काही सुधारणांसह आजही वापरली जाते.

खरी मेहनत नंतरची. साधारण दोन आठवडे पायावर भार द्यायचा नाही, पाय उशीवर उंच ठेवायचा. सहा आठवड्यांपर्यंत आधाराचा बूट. मग घोट्याची हालचाल, रबरी पट्टा ओढून पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंना बळ आणि शेवटी एका पायावर तोल. कबड्डी-क्रिकेट तीन-चार महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा, तेही डॉक्टरांच्या परवानगीने.

या काळात पंजा खाली ताणणे आणि आत वळवणे टाळायचे असते. अत्तहियातला बसताना डाव्या पायाचे नेमके हेच होते. वीस रकात तरावीहमध्ये दोन सजद्यांमधले वीस आणि अत्तहियातचे दहा, असे तीस वेळा बसावे लागते. ऑपरेशन डाव्या घोट्याचे असेल, तर ताज्या टाक्यांवर तीस वेळा ताण!

शरीअतने ही अडचण आधीच ओळखली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पहुडून नमाज अदा करावी, अशी हदीसची शिकवण आहे. प्लास्टरवर ओला हात फिरवून मसह करता येतो. आजारामुळे सुटलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. रोजा ठेवायचाच असेल, तर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारशी जुळतील का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. व्यायाम इफ्तारनंतर थोड्या वेळाने करावा.

ईदच्या नमाजला सगळ्यांसारखे बसता यावे म्हणून बूट लवकर काढण्याचा मोह होतो. तो आवरणे हाही सब्रच आहे. आणि शेजारच्या सफेतल्यांनी खुर्चीकडे रोखून पाहू नये. सरकून तिला जागा द्यावी.