चिखलातली डिझेल जीप : ती काय करते आणि काय करू शकत नाही



पांढुर्णा आणि सौंसर भागात संत्र्याची बाग सांभाळणाऱ्या बहुतेक घरांत केव्हातरी एक प्रश्न येतोच. बैलबंडीने आता निभत नाही, मोटारसायकलवर खताचे पोते नीट बसत नाही. मग एखादी दणकट डिझेल जीप किंवा पिकअप घ्यावी का? घ्यावी तर साधी घ्यावी की चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे 'फोर व्हील'? कर्ज काढण्यापूर्वी ही गाडी मुळात कशी चालते ते समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

गाडीची जात

आपल्या देशात अशा गाडीला आजही 'जीप'च म्हणतात. त्याचे कारण असे की, लुधियान्यात १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. ती जीप पेट्रोलवर चाले. पुढे तिच्यात डिझेल इंजिने बसली आणि ती खेड्यापाड्यांत पसरली. त्याच घराण्यातली बोलेरो २००० साली आली. पुण्याच्या बजाज टेम्पोचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. त्या कंपनीच्या ट्रॅक्स आणि गुरखा या गाड्या आपल्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातील पीथमपूरला तयार होतात.

या सर्वांची ठेवण मूळची एकच. खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, म्हणजे चेसी, आणि तिच्यावर बसवलेला सांगाडा. दगडावरून जाताना पीळ बसतो तो चेसी सोसते. जुन्या जीपला आणि आजही बहुतेक पिकअपला मागे पाट्यांच्या कमानी असतात. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावीही बदलून मिळतो. बसायला गाडी कडक लागते हे खरे. पण माल वाहायला हाच कडकपणा उपयोगी पडतो.

चार चाकांचा जोर कसा मिळतो?

साध्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. त्या दोन चाकांमध्ये 'डिफरन्शियल' नावाची गिअरपेटी असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते तिच्यामुळे साधते. पण तिची एक खोड आहे. एक चाक काळ्या मातीच्या चिखलात गरगरू लागले, की दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो, आणि एक चाक कोरड्यावर असूनही गाडी जागीच उभी राहते.

फोर व्हील जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिचा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. 'लो' मध्ये टाकले तर वेग घटतो आणि जोर वाढतो. जुन्या विलीज जीपमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच पट होते. गुरखासारख्या गाडीत डिफरन्शियलला कुलूप घालण्याचीही सोय असते, म्हणजे दोन्ही चाके बरोबरीने फिरतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोर व्हील चिखलात शिरण्यापूर्वी लावावी, रुतल्यावर नव्हे. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ती काढून टाकावी. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त फिरतात. मातीत टायर थोडा घसरून तो फरक भरून निघतो. डांबरावर तो घसरत नाही, मग सगळा पीळ गिअर आणि दांड्यांवर येतो.

आपल्याला फोर व्हील लागते का?

येथे वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. म्हणजे मालाची मोठी वाहतूक पावसाळा सरल्यावर होते. तेव्हा पांदण वाळलेली असते आणि दोन चाकी जोराची साधी पिकअप बहुधा पुरते. फोर व्हीलची खरी गरज जुलै ते सप्टेंबर या काळात भासते, आणि तेव्हा माल थोडा असतो : खत, औषध, दुधाचे कॅन.

म्हणून कागदावर लिहून पाहावे : वर्षातून किती दिवस चिखलामुळे काम अडते आणि त्या दिवसांत ट्रॅक्टरने निभते का? हे दिवस बोटांवर मोजण्याएवढे असतील, तर जास्तीचे पैसे पांदणीवर मुरूम टाकायला शेजाऱ्यांसह खर्च करणे शहाणपणाचे. सात्पुड्याच्या चढावर, नाल्यापलीकडे बाग असेल तर गोष्ट निराळी.

इंजिनाची निगा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते बावीस पट दाबून इतकी तापवली जाते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे त्याचे शत्रू तीन : धूळ, पाणी आणि हवा. उन्हाळ्यात पांदणीची धूळ एअर फिल्टरमध्ये साचते, तो वेळेवर बदलावा. डिझेलच्या फिल्टरखाली जमलेले पाणी काढून टाकावे. टाकी कोरडी पडू देऊ नये. नळीत हवा शिरली की इंजिन धरत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. घर ते शेत एवढ्याच छोट्या फेऱ्या झाल्या तर ती तुंबते. दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी.

बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे.

रपट्यावरचे पाणी

आता सर्वांत महत्त्वाचे. पोळ्याच्या सुमारास जाम नदी आणि आपले नाले एका रात्रीत चढतात. अशा वेळी “जीप जड आहे, निघून जाईल” असे म्हणणारा भेटतोच. हा समज जिवावर बेतणारा आहे.

हिशेब सोपा आहे. जीपची बंदिस्त जागा ३ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद धरा. गाडीच्या तळाच्या वर पाणी ३० सेंटिमीटर चढले, तर आत पाणी शिरेपर्यंत गाडी सुमारे १.४४ घनमीटर पाणी बाजूला सारते. त्या पाण्याचे वजन १४४० किलो, आणि तेवढाच उचलणारा जोर गाडीला खालून मिळतो. गाडी १६०० किलोची असेल तर टायरवर उरते अवघे १६० किलो वजन. मग चारही चाकांना जोर असून काय उपयोग? चाकांना धरायला जमीनच उरत नाही, आणि वाहते पाणी गाडीला आडवे ढकलते. साधारण दोन फूट वाहते पाणी बहुतेक जीप आणि पिकअप वाहून नेऊ शकते. उघड्या जीपमध्ये पाणी लवकर शिरते, म्हणून ती कमी तरंगते. पण धक्का तिलाही बसतोच.

कंपन्या 'इतक्या पाण्यातून गाडी जाते' असे आकडे देतात. ते संथ पाण्याचे, तळ ठाऊक असलेल्या जागेचे असतात, पुराचे नव्हेत. गढूळ पाण्याखाली रपटा खचला आहे की नाही हे वरून दिसत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. तास दोन तास उशीर झाला तरी चालेल.

पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही; उलट कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. संथ पाण्यातून गाडी बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवावेत आणि डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे; तेल बदलावे.

आजारी माणूस आणि जीप

रात्री बागेत साप चावला, बाळंतीण अडली, तर वाड्यातली जीप हाच पहिला आधार असतो. १०८ ला फोन करावा. गाडी यायला वेळ असेल तर आपण निघावे. साप चावलेल्याला चालवू नये, निजवावे आणि चावलेला हात वा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. घट्ट दोरी बांधू नये, जखम चिरू नये, झाडफुंकीत वेळ घालवू नये. सापाच्या विषावरची लस असलेल्या रुग्णालयातच न्यावे. दिवस भरलेल्या बाईला डाव्या कुशीवर निजवावे.

मात्र संत्रा तोडणीच्या मजुरांना पिकअपच्या मागे कॅरेटांवर बसवून नेऊ नये. ते कायद्याविरुद्ध आहे. शिवाय माणसे उंच बसली की गाडीचा तोल वर जातो, आणि घाटाच्या वळणावर ती कलंडते. चार पैसे वाचवताना चार घरे उघडी पडू शकतात.

दणकट गाडी पुष्कळ सोसते. पण कोठे थांबायचे ते तिला कळत नाही, ते चालवणाऱ्यानेच ठरवायचे असते. येत्या पावसाळ्यापूर्वी घरातल्या तरुण मुलांना रपट्याचा हा हिशेब एकदा समजावून सांगा, एवढीच आमची विनंती.