मोडलेल्या गिअरची साक्ष : हेलिकॉप्टर अपघातांच्या तपासाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी आली की इंजिन बंद पडले असावे, असा तर्क सर्वप्रथम केला जातो. वस्तुतः इंजिन थांबले तरी वैमानिकाने पात्यांचा कोन तत्काळ कमी केल्यास, खाली येताना वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर मुख्य रोटर, म्हणजे हेलिकॉप्टरला उचलून धरणारा फिरता पंखा, फिरतच राहतो, आणि उंची व वेग पुरेसा असेल तर या ‘ऑटोरोटेशन’च्या बळावर सुखरूप उतरता येते. रोटरच निसटला तर मात्र वैमानिकाच्या हाती काहीही उरत नाही.

नॉर्वेत बर्गनजवळच्या टुरोय येथे २९ एप्रिल २०१६ रोजी हेच घडले. उत्तर समुद्रातील तेलफलाटावरून परतणाऱ्या ‘ईसी २२५’ जातीच्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरचा रोटर हवेतच सुटला आणि त्यातील तेराही जण मृत्युमुखी पडले.

ब्लॅक बॉक्स सापडला की कारण कळते, ही समजूतही अपुरी आहे. या उड्डाणाची नोंद अखेरच्या क्षणापर्यंत सर्वसाधारण होती आणि मग ती एकाएकी थांबली. म्हणजे बिघाड कधी झाला हे तिच्यातून कळत होते, का झाला हे नव्हे. अवशेषांत जे जे मोडलेले दिसते ते सारे संशयास्पद वाटते, परंतु त्यातील बहुतेक भाग आघातामुळे मोडलेले असतात, आणि मूळ दोष व त्याचे परिणाम वेगळे करणे हेच तपासाचे सर्वांत अवघड काम असते. टुरोय प्रकरणी गिअरबॉक्सला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांपैकी एखादी निसटली असण्याची शक्यताही प्रारंभी तपासली गेली. निर्णायक साक्ष दिली ती गोळा केलेल्या गिअरच्या तुकड्यांवरील भंगपृष्ठाने, म्हणजे धातू जेथे फुटला त्या कडेने. एका झटक्यात तुटलेल्या धातूचे भंगपृष्ठ आणि पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाखाली हळूहळू वाढलेल्या भेगेचे, अर्थात धातूच्या ‘फटीग’चे, भंगपृष्ठ सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते. इंजिनाचा वेग उतरवून रोटरला देणाऱ्या गिअरबॉक्समध्ये मधल्या गिअरभोवती फिरणारे ‘प्लॅनेट गिअर’ असतात आणि त्यांची आतली बाजू बेअरिंगचा भाग असते. तेथील एका अतिसूक्ष्म खळग्यापासून निघालेली भेग पृष्ठभागाखालून वाढत गेली आणि अखेर गिअर फुटला.

धातूचे कण तेलात उतरताच चुंबकीय संवेदक, म्हणजे ‘चिप डिटेक्टर’, इशारा देतो, म्हणून असा बिघाड आधी कळायलाच हवा, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. भेग आतल्या आत वाढली, पृष्ठभागाचे कवच फारसे निघाले नाही, म्हणून कोणताही इशारा मिळाला नाही. ही बाब विशेष गंभीर आहे, कारण १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ याच कुळातील हेलिकॉप्टरचा प्लॅनेट गिअर फुटून सोळा जणांचा बळी गेला होता.

अपघात म्हटला की वैमानिक किंवा देखभाल करणारे तंत्रज्ञ यांच्यावर ठपका ठेवण्याची घाई होते, आणि ती अन्यायकारक आहे. नॉर्वेच्या तपास यंत्रणेच्या २०१८ च्या अंतिम अहवालाने वैमानिकांच्या हाताळणीचा अपघाताशी संबंध आढळला नसल्याचे, तसेच हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीच्या देखभालीचा त्यात वाटा असल्याचा पुरावा नसल्याचे स्पष्ट नोंदवले. दरम्यान, ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय हवाई सुरक्षा यंत्रणेने या हेलिकॉप्टरांवर अपघातानंतर घातलेली उड्डाणबंदी उठवली, ती दोन प्रकारच्या प्लॅनेट गिअरपैकी एकच वापरण्याच्या, त्याचे आयुर्मान कमी करण्याच्या आणि तेलातील कणांची तपासणी अधिक कडक करण्याच्या अटींवर.